पाचव्याची कवटी

पाचव्याची कवटी रांगेत बसत नव्हती. संघमित्रा वानखडेने कवटीवरच्या खुणा पुसून पुन्हा टाकल्या, स्कॅन नव्याने उघडला, यंत्र बंद करून चालू केलं. उत्तर तेच आलं. पडद्यावर बाकीचे ठिपके दाटीने एकत्र बसले होते आणि हा एकटा, लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखा, दूर कोपऱ्यात उभा होता.

ही गोष्ट २०४७ सालच्या हिवाळ्याची. दक्षिण कोरियाच्या डोंगराळ भागात तोलगोल नावाचं एक खेडं आहे. खाली दरीत धरण होत होतं आणि गावाच्या वरच्या उतारावर सिम घराण्याची जुनी थडगी होती. पाणी तिथपर्यंत चढणार होतं. सरकारने पलीकडच्या टेकडीवर प्रत्येक घराण्याला जागा नेमून दिली होती, पण अगदी मोजकी, आणि एका अटीवर. ज्याचं घराण्याशी नातं सिद्ध होईल त्यालाच नव्या टेकडीवर पुरायचं; कुठला पुरावा मानायचा ते घराण्याच्या संघाने ठरवायचं. ज्याचं होणार नाही त्याच्या अस्थी बेवारस ठरणार आणि इतर बेवारस अस्थींबरोबर भट्टीत जाणार.

नातं सिद्ध करण्याचं काम अस्थिसंशोधन केंद्राकडे होतं. संघमित्रा मूळची अमरावतीची. कवट्यांच्या आकाराचा अभ्यास करायला दोन वर्षांसाठी आली आणि दहा वर्षं राहिली. कोरियन भाषा तिला आता स्वप्नातही येई.

डीएनएचा इथे उपयोग नव्हता. जोसन राजवटीत, म्हणजे दोनेकशे वर्षांपूर्वी या लोकांच्या काळात, प्रतिष्ठित घरांत मृताची पेटी चुना, वाळू आणि माती यांच्या गिलाव्यात बंद करीत. चुना विझताना भयंकर तापतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो. त्या पेट्यांनी हाडं शाबूत ठेवली होती, पण तोलगोलच्या हाडांत वाचण्याजोगा डीएनए उरला नव्हता. उरला होता फक्त आकार.

आकार मोजणं म्हणजे पट्टी लावून लांबी-रुंदी घेणं नव्हे. कवटीवर काही ठरलेल्या जागा असतात: भुवयांच्या मधला उंचवटा, कानाच्या छिद्राची वरची कड, डोक्याची शकलं जिथे शिवल्यासारखी जोडली जातात ते सांधे. अशा शेकडो जागा टिपायच्या. मग गणिताने सगळ्या कवट्या एकाच मापाच्या करायच्या आणि एकाच दिशेला तोंड करून बसवायच्या. लहान-मोठं आणि तिरकं-सरळ हे फरक वजा झाले की मागे राहतो तो निव्वळ आकार, आणि प्रत्येक कवटी एका नकाशावरचा ठिपका होते. पूर्वी या नकाशावरून फार तर एवढंच सांगता येई की अमुक प्रांतातली डोकी तमुक प्रांतापेक्षा किती वेगळी होती. ‘मूळ’ नावाच्या नव्या यंत्राने पुढची उडी मारली. देशातल्या लाखो जिवंत कुटुंबांचे दवाखान्यातले स्कॅन पाहून ते शिकलं होतं की बाप आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ यांचे ठिपके एकमेकांपासून किती अंतरावर पडतात. आता कुठल्याही दोन कवट्या दाखवल्या की ते नातं सांगत असे. कोर्टं त्याचं ऐकत होती, वारसाहक्काचे दावे त्याच्यावर मिटत होते. भारतातली एक कंपनी ते दवाखान्यांत बसवायच्या तयारीत होती, आणि त्या बोलण्यांत दुभाष्याचं काम संघमित्राकडेच होतं.

तोलगोलच्या रांगेत सहा पुरुष होते. पहिले चार एकापुढे एक, बाप-मुलगा असे. चौथ्याला दोन मुलगे, पाचवा थोरला आणि सहावा धाकटा. घराण्याच्या वंशावळीत हे स्पष्ट छापलेलं होतं आणि त्याबद्दल कधी कुणी शंका घेतली नव्हती. यंत्र म्हणत होतं की सहावा चौथ्याचा मुलगा खराच, पाचवा मात्र या घरातला नाही.

आणि पाचव्याचा वंशज होता सिम योंग-ह्वान.

सिम आजोबा ऐंशीला टेकले होते. थोरल्या शाखेचा थोरला म्हणून पूर्वजांच्या श्राद्धाला तांदळाच्या दारूचा पहिला पेला ओतायचा मान त्यांचा. वडील वारले तेव्हा ते बारावीत होते, तेव्हापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. दर शरद ऋतूत ते स्वतः उतारावर चढून थडग्यांवरचं गवत कापत. थडगी उघडली त्या दिवशी प्रत्येक पेटी वर येताना ते हात जोडून आत असलेल्याला मोठ्याने सांगत होते, जरा हलवतोय, घाबरू नका.

पाचवी पेटी आली तेव्हा त्यांनी संघमित्राला कानात सांगितलं होतं की याचं लहानपणीचं नाव केत्तोंगी. म्हणजे कुत्र्याची घाण. तिला हसू आवरेना. आजोबांनी गंभीरपणे खुलासा केला की त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून ओंगळ नाव ठेवलं, मृत्यूने नाक मुरडून पुढे जावं म्हणून. त्यावर तिने सांगितलं की आमच्याकडे अशा मुलाचं नाव उकिरडा ठेवत, नाही तर धोंडू. आजोबांना हे फार आवडलं. ‘ड’ त्यांच्या जिभेला वळत नसे, त्या दिवसापासून ते पाचव्याला ‘तुमचा उकिरदा’ म्हणू लागले.

आता त्या उकिरड्याचा निकाल सांगायला ती तोलगोलला गेली.

आजोबांच्या घरी त्यांचा लांबचा चुलतभाऊ सिम ताए-ग्यू आधीच येऊन बसला होता. हा धाकट्या शाखेचा, म्हणजे सहाव्याचा वंशज, बँकेतून निवृत्त झालेला आणि घराण्याच्या संघाचा सचिव. नवी जागा मोजकी आहे तेव्हा भावनेवर नको, यंत्राच्या निकालावर जाऊ, हा ठराव त्यानेच मांडून मंजूर करून घेतला होता. माणूस वाईट नव्हता. रांग मोडणारा त्याला खपत नसे, इतकंच.

संघमित्राने निकाल सांगितला. आजोबांनी वाळवलेल्या पर्सिमन फळांची बशी तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः काही खाल्लं नाही. ताए-ग्यूने आधी सांत्वनाचे दोन शब्द म्हटले, मग मुद्द्यावर आला. पाचवा भट्टीत जाईल. आणि पाचवाच घरचा नसेल तर पहिल्या पेल्याचा मान यंदापासून धाकट्या शाखेकडे येईल. दादाने मनाला लावून घेऊ नये, मेलेल्याला काय कळतं.

“मेलेल्याला कळत नसेल तर तुला ही जागा कशाला हवी?” आजोबा म्हणाले.

ताए-ग्यू उठून बूट घालायला लागला.

तो गेल्यावर आजोबांनी तिला एकच गोष्ट विचारली: यंत्र चुकतं का? ती म्हणाली की क्वचित. आक्षेपाचा अर्ज करता येतो, मग पुन्हा तपासणी होते. आजोबा म्हणाले, “मग तपासा, डॉक्टरबाई. एकसष्ट वर्षं मी ज्याला पेला दिला त्याला जाळायला माझ्या हाताने देणार नाही. परका निघाला तर निघाला. पण नीट बघून निघू दे.”

परतीच्या बसमध्ये अमरावतीहून आईचा फोन आला. आई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पण घरात वऱ्हाडीच बोलायची. भावाला मुलगा झाला होता आणि त्याच्या डोक्यावरून सासू-सुनेचं जुंपलं होतं. आईने मोहरीची उशी शिवली होती. सुनेचं म्हणणं, उशी नको, डॉक्टर नाही म्हणतात, आणि एवढं वाटत असेल तर डोक्याला आकार देणारी टोपी मिळते ती आणू.

“आता तूच सांग माय,” आई म्हणाली. “तुह्या डोक्याले मीच आकार देला ना? का बाजारातून टोपी आणली होती?”

संघमित्राने शहाण्या नणंदेप्रमाणे दोघींची बाजू घेतली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिचा सहकारी बाक जी-ऊ केस कुरळे करून आला. मागच्या बाजूला त्याने केसांचा चांगला फुगा काढला होता. सगळ्यांनी त्याची खेचली. तो अजिबात लाजला नाही. म्हणाला, आजीने मला घरातल्या खालून तापवलेल्या जमिनीवर उताणं निजवून निजवून मागून परातीसारखं केलं, आता न्हाव्याकडून डोकं विकत घ्यावं लागतंय. “तुम्हाला काय कळणार, ताई? तुमचं मागून कसं नारळासारखं आहे.”

सगळे हसले. संघमित्रा हसली नाही. तिने पाचव्याची कवटी पडद्यावर घेतली आणि बाजूने फिरवली.

ती मागून नारळासारखी होती.

मग तिने बाकीच्या पाहिल्या. पाचही मागून चपट्या. केंद्राच्या संग्रहातल्या जोसनकाळच्या इतर कवट्या काढल्या. बहुतेक चपट्या, काही थोड्या, काही फार. तान्ह्या मुलाचं डोकं मऊ असतं. त्याला कठीण जमिनीवर उताणं निजवलं तर मागची बाजू बसते, आणि पहिल्या काही महिन्यांत जो आकार येतो तो जन्मभर राहतो. हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पाठ्यपुस्तकात होतं. पण ‘मूळ’ बनवणारे सगळे अशाच डोक्यांचे, अशाच आयांनी वाढवलेले. त्यांच्या लेखी डोकं म्हणजे असंच असतं. शिवाय यंत्र शिकलं ते कुटुंबांवर, आणि मूल कसं निजवायचं हे सासू सुनेला शिकवते, सुना बदलतात पण घरातली रीत बदलत नाही. त्यामुळे एका घरातली डोकी एकाच तऱ्हेने चपटी होत. यंत्राने पाहिलं की हे चपटेपण घराण्यात उतरतं, आणि ते रक्ताच्या खात्यात टाकलं.

मग पाचवाच तेवढा गोल का? ती खुर्चीत मागे टेकली आणि तिला नाव आठवलं. केत्तोंगी. ज्याच्या आधीची भावंडं गेली तो. अशा मुलाला त्या घरात जमिनीला लागू दिलं असेल का? कोरियन बायका मूल पाठीला बांधून दिवसभर वावरतात. याला दिवसा पाठीवर आणि रात्री कुणाच्या तरी कुशीत ठेवलं असेल. हा अंदाज होता, पुरावा नव्हे. पण पुरावा कुठे शोधायचा हे आता तिला कळलं होतं.

कानाच्या आत, कवटीच्या तळाशी, गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक पोकळी असते. तिच्याभोवतीचं हाड शरीरातलं सर्वांत टणक. मूल पोटात असतानाच या पोकळीचा आकार पक्का होतो. पुढे जमीन, पाळणा, उशी, पाठ, कशानेही त्यात फरक पडत नाही. ‘मूळ’च्या शेकडो खुणांत या पोकळीच्या खुणा होत्या, पण बाहेरच्या खुणांच्या गर्दीत त्यांचा आवाज दबत होता. तिने आणि जी-ऊने बाहेरच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या आणि फक्त आतल्या शंखावर यंत्राला नव्याने शिकवलं. त्यात जवळजवळ महिना गेला. मग तोलगोलच्या कवट्या पुन्हा घातल्या.

पाचवा जाऊन चौथ्याला चिकटून बसला. बाप-मुलगा, संशयाला जागा नाही.

जी-ऊने टाळीसाठी हात पुढे केला आणि संघमित्राचा हात हवेतच राहिला, कारण दुसरा एक ठिपका घोळक्यातून बाहेर पडला होता. सहावा. तो चौथ्याजवळ नव्हता. शेजारच्या थडग्यातल्या चौथ्याच्या बायकोजवळही नव्हता. या घरात कुणाच्याच पोटी तो जन्मला नव्हता. कुठून तरी आणलेलं मूल होतं ते. त्या घरच्या जमिनीवर वाढलं, डोकं त्या घरासारखं झालं, आणि यंत्र फसलं.

केंद्राच्या प्रमुख हान सो-जिन यांनी दोन्ही नकाशे शांतपणे पाहिले. “म्हणजे आपण रक्त मोजतोय असं समजून अंथरूण मोजत होतो,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की ही गोष्ट तोलगोलपुरती आहे की सगळीकडची. संघमित्रा म्हणाली, सगळीकडची. हान बाईंनी त्याच दिवशी ‘मूळ’चे निकाल देणं थांबवलं आणि दिलेले पुन्हा तपासायला घेतले. भारतातल्या कंपनीला कळवायचं काम संघमित्राने मागून घेतलं. तिकडे प्रत्येक जिल्ह्यात मूल निजवायची वेगळी तऱ्हा आहे, हे यंत्र तिथे कितीजणांना घराबाहेर काढेल याचा हिशेब करता येणार नाही, एवढंच तिने लिहिलं. कंपनीने आभार मानले आणि तिला बोलण्यांतून वगळलं.

आक्षेप सिम आजोबांचा होता, म्हणून नियमाप्रमाणे निकाल आधी त्यांना कळवायचा. ती तोलगोलला गेली तेव्हा ते अंगणातला बर्फ लोटत होते. पाचवा घरचाच आहे हे ऐकून ते खराट्यावर रेलले. “बघा,” ते म्हणाले, “तुमचा उकिरदा.”

मग तिने सहाव्याचं सांगितलं.

आजोबा तिला आत घेऊन गेले, बसवलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. ताए-ग्यूच्याच ठरावाने आता सहावा भट्टीत जाणार, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी चमकून गेलं, आणि संघमित्राने ते पाहिलं. एवढ्या दिवसांचा अपमान फिटल्याचा आनंद होता तो. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी विचारलं की सहाव्याचं डोकं चपटं म्हणजे कसं चपटं. एका बाजूने की सारखं?

असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने कवटी टॅबवर काढली आणि मागून दाखवली. सारखं होतं. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. सहांमध्ये सगळ्यांत समतोल.

“मूल आपोआप असं होतं?”

“नाही. तान्हं मूल एकाच बाजूला मान टाकतं. तसंच राहू दिलं तर डोकं एका बाजूने बसतं. असं सारखं व्हायला कुणीतरी थोड्या थोड्या वेळाने मान फिरवावी लागते.”

“रात्रीसुद्धा?”

“रात्रीसुद्धा.”

आजोबांनी टॅब हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की सहाव्याबद्दलचा जुना निकाल कागदावर राहू द्या. ती म्हणाली, तो चुकीचा आहे. एका कवटीला एक माप आणि दुसरीला दुसरं, असं तिला करता येणार नाही, त्यांच्यासाठीसुद्धा नाही.

“एकाला एक, दुसऱ्याला दुसरं असं कोण म्हणतंय?” आजोबा म्हणाले. “दोघांना दोन्ही लावा. पोटातलं माप काय सांगतं आणि जमिनीवरचं काय सांगतं, दोन्ही लिहा. खोटं एक अक्षर नको.”

ते ती करू शकत होती. तिने अहवाल तसाच लिहिला.

संघाची बैठक गावच्या सभागृहात झाली. शेगडीभोवती तीसेक माणसं बसली होती, बहुतेक म्हातारी. आजोबांनी पाकीट न फोडता ताए-ग्यूपुढे ठेवलं. सचिव तूच आहेस, तूच वाच, म्हणाले. ताए-ग्यूने वाचायला सुरुवात केली. पाचव्याबद्दलचं वाचून झाल्यावर थांबला आणि दादापुढे मान झुकवली. मग पुढचा परिच्छेद वाचला. त्याचा आवाज शेवटपर्यंत हलला नाही. बँकेत इतकी वर्षं त्याने लोकांना नकार वाचून दाखवले होते, तसाच त्याने आपल्या खापरपणजोबांचाही वाचला.

कागद घडी करून तो म्हणाला, “ठराव माझा होता. सहाव्याला भट्टीकडे पाठवायचं मीच कळवतो.”

कुणीतरी पुटपुटलं की थोरल्याचं दैव बघा. कुणीतरी खोकलं.

“बस खाली,” आजोबा म्हणाले. “अर्धाच वाचलास. मागच्या पानावर जमिनीवरचं माप आहे.”

ताए-ग्यूने पान उलटलं आणि वाचलं. पाठीमागचा चपटेपणा चौथ्याच्या घराशी जुळतो. दोन्ही बाजू समान. मान नियमित फिरवली गेली असावी. हे वाचताना मात्र तो एका ठिकाणी अडखळला.

आजोबा बसल्या जागेवरूनच बोलले. “माझ्या पूर्वजाला त्यांनी खाली ठेवलंच नाही. आधीची गेली होती, भीती होती. तुझ्याला खाली ठेवलं, आणि रात्री उठून उठून त्याची मान फिरवली. चौथ्याने केलं की त्याच्या बायकोने, मला माहीत नाही. पण परक्या पोरासाठी कुणी झोप मोडत नाही. चौथ्याने ठरवलेलं मी कोण मोडणार? दोघेही टेकडीवर जातील. कुणाला काही म्हणायचं असेल तर आधी आपापल्या डोक्याला मागून हात लावून बघा.”

काही लोकांनी खरोखरच हात लावला. हसू फुटलं, आणि त्या हशात ठराव मोडला. मतदान झालंच नाही.

वसंत आला तेव्हा नव्या टेकडीवर सहा खड्डे एका रांगेत तयार होते. आजोबांनी घोड्याच्या केसांची काळी टोपी घातली, पहिला पेला ओतला, आणि दुसरा भरून ताए-ग्यूच्या हातात दिला. असा रिवाज नव्हता. ताए-ग्यूने तो सहाव्यापुढे ओतला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. तो उठायला उशीर करू लागला तेव्हा आजोबांनी त्याच्या डोक्यावर मागून टपली मारली. म्हणाले, पाट आहे नुसता, आपल्याच घरचा.

उतरताना त्यांनी संघमित्राकडे भाच्याची चौकशी केली; घरचं ते भांडण तिनेच मघाशी चढताना सांगितलं होतं. उशी की टोपी, कोण जिंकलं? तिने फोनवर फोटो दाखवला. आईने पाठवलेला, बाळ पाठमोरं, वहिनीच्या खांद्यावर. उशीही नव्हती आणि टोपीही आली नव्हती.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळून पाहिला.

“उजवीकडे जरा बसलंय,” ते म्हणाले. “घरी कळवा. मान फिरवायला हवी.”